ओल्या रेतीची भिंत

जालिंदर पाटोळे कतारला उतरला तेव्हा त्याच्यापाशी एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत न मावणारा माज होता. गडी तासगावकडचा. साखर कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेला. मुंबईत एजंटाने विचारलं, "लोडर चालवलाय का?" तर हा म्हणाला, "चालवतो? झोपंत चालवतो." लोडर त्याने तोवर फक्त टायर कंपनीच्या कॅलेंडरवर पाहिला होता, तोही हजामाच्या दुकानात.

पण हात चांगला होता. आठवड्याभरात लोडर त्याच्या मुठीत आला. तिकडे सगळे लोडरला शेवल म्हणत, म्हणून तोही शेवल म्हणू लागला, आणि महिन्याभरात कॅम्पातल्या जुन्या ड्रायव्हरांना शेवल कसा चालवावा हे शिकवू लागला.

काम होतं उम्म सईदच्या पलीकडे, कंपनीच्या साइटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या रेतीच्या टेकड्यांना एका जागी बसायची सवय नाही. वारा सुटला की त्या सरकत सरकत येऊन डांबरी रस्त्यावर पसरतात आणि पलीकडची माणसं पाण्याच्या टँकरवाचून अडकतात. जालिंदरने शेवलाच्या बकेटने ती रेती उचलायची आणि वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला नेऊन टाकायची. पुन्हा वारा, पुन्हा रेती. "आमच्या सासूसारखं हाय हे," तो म्हणे, "कितीबी घालवा, येतंयच."

फोरमन होता अबूबकर, राजापूरचा, पन्नाशीचा, पानाच्या आठवणीने नुसतंच तोंड हलवत राहणारा. तो रोज सकाळी सगळ्यांना उभं करून तेच ते बजावायचा. बकेट वर घेऊन गाडी पळवायची नाही. बकेटमध्ये माणूस बसवायचा नाही. खाली उतरताना बकेट जमिनीला टेकवायची, ब्रेक ओढायचा, इंजिन बंद. आणि टेकडी खालून पोखरायची नाही. जालिंदरने याला 'अबूचाचाची आरती' असं नाव ठेवलं होतं. मागच्या रांगेत उभा राहून तो टाळ्याही वाजवायचा. एकदा तर स्वयंपाकी इब्राहीमला, त्याच्या कांद्याच्या पोत्यांसकट, बकेटमध्ये बसवून त्याने कॅम्पभर मिरवलं. इब्राहीम दोन्ही हात जोडून लोकांना दर्शन देत होता. अबूबकरने दोघांना इतक्या शिव्या दिल्या, की त्यातल्या काही कोकणाबाहेर पहिल्यांदाच ऐकल्या गेल्या असतील.

एकोणऐंशीच्या जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला. कतारात पाऊस म्हणजे नवलच. पोरं अंगावर घ्यायला उघडी पळाली. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर भली मोठी टेकडी निम्म्या रस्त्यावर आलेली आणि पाण्याचा टँकर अलीकडे खोळंबलेला.

"वरून उतरव," अबूबकर म्हणाला. "बाजूने, थोडी थोडी. आज रेती ओली आहे. ओली रेती भिंतीसारखी उभी राहते, आणि पडते ती सगळी एकदम."

"हो चाचा," म्हणाला जालिंदर. चाचा दुसऱ्या गाडीकडे वळला आणि याने बकेट सरळ टेकडीच्या पायात घातली. रेती खरोखर पडत नव्हती. कापलेल्या खरवसासारखा तिचा उभा काप राहिला होता. शेवलाच्या टपाच्याही वर. जालिंदर खूश. दुपारपर्यंत निम्मा रस्ता मोकळा!

मग त्याला लघवीला लागली.

रस्त्यावर टँकरवाला बसलेला, वारा बोचरा. आडोसा म्हणजे तीच भिंत. हा इंजिन चालू ठेवून, बकेट वर टांगती ठेवून, ब्रेक न ओढताच खाली उतरला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. निवांत. डोळे मिटून. अर्ध्यावर असताना वरून खसकन आवाज आला, एवढंच त्याला कळलं.

डोळे उघडले तेव्हा तो छातीपर्यंत गाडला गेला होता. दोन्ही हात आत. ओरडायला गेला तर आवाजच निघेना. छातीवर म्हैस बसल्यासारखं झालेलं. श्वास सोडला की रेती आणखी आवळायची. आणि समोर त्याचाच शेवल, ब्रेक न ओढलेला, धडधडत इंचाइंचाने त्याच्याकडे येत होता. बकेटचे दात त्याच्या कपाळाच्या रेषेत.

टँकरवाला शफीक, रोह्याचा पोरगेलासा दिसणारा पण चार मुलांचा बाप, बिडी टाकून धावला. उडी मारून केबिनमध्ये चढला आणि ब्रेकवर उभाच राहिला. शेवल थांबला. मग त्याने गाडी सावकाश मागे घेतली, बकेट टेकवली, इंजिन बंद केलं.

माणसं जमली. कुणी म्हणालं, दुसरा शेवल आणा, उपसून काढू.

"खबरदार!" अबूबकर गरजला. "माणूस आहे तो, रेती नाही! बकेटने कापला जाईल. आणि गाडी हादरली तर वरचं राहिलेलं पण येईल. हाताने! एक जण लांब उभा राहून फक्त वर बघा. हललं तर ओरडा."

फावडीही त्याने छातीजवळ येऊ दिली नाहीत. इब्राहीम बिर्याणीच्या पराती घेऊन पळत आला आणि पाच-सहा जण परातींनी, ताटल्यांनी, ओंजळींनी रेती बाजूला सारू लागले. अबूबकर जालिंदरच्या तोंडाशी बसला. "बोलू नको. थोडा थोडा श्वास घे. मी आहे इथे." एरवी शिव्यांशिवाय न बोलणारा म्हातारा त्याच्या डोळ्यांतली रेती आपल्या रुमालाच्या टोकाने टिपत होता. जालिंदर त्याच्याकडे पाहत राहिला. दुसरीकडे पाहायची त्याला भीती वाटत होती.

जालिंदर निघाला तेव्हा डावा पाय मोडलेला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या, आणि पँट रेतीतच राहिली होती. स्ट्रेचरवर घालताना इब्राहीमने परात उपडी करून त्याची अब्रू झाकली. त्या परातीत पुढे कित्येक दिवस कुणी जेवायला तयार होईना.

प्लास्टर निघाल्यावर तो सुट्टीवर गावी गेला. पारावर त्याने हकीकत सांगितली ती वेगळीच: वादळ काय, मशीन वाचवायला घेतलेली झेप काय. लोकांनी माना डोलावल्या. फुलाबाई, त्याची बायको, उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "खरं सांगा. झेप कशापायी घेतली?"

जालिंदरने इकडेतिकडे पाहिलं आणि खरं काय ते सांगितलं. फुलाबाई हसली. पदर तोंडात कोंबून हसली, भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिली. मग ते पाणी थांबेचना.

"त्यात गेला असता म्हंजी," ती म्हणाली, "मी लोकास्नी काय सांगितलं असतं? धनी कशानं गेलं म्हणून?"

तिने जालिंदरच्या बरगडीवर हात ठेवला, तेव्हा दुखत असूनही तो हलला नाही.

परत गेल्यावर तो आणखी सात वर्षं त्याच रस्त्यावर शेवल चालवत होता. माज काही गेला नाही. आता तो सगळ्यांना शेवलावरून उतरावं कसं हे शिकवायचा. लघवीला मात्र भर उन्हात, वाऱ्यात, पार रस्त्याच्या पलीकडे उघड्यावर जायचा, आणि कुणी हसलं तर म्हणायचा, "बघा, बघा. फुकट हाय."