पुनवेचं पाणी

पाण्यावर तरंगणारा तंबू फुगलेल्या केंड माशासारखा दिसतो. हे मी परवाच पाहिलं.

पुनवेच्या सकाळी, ओहोटीला, शहरातली चार पोरं लाँचने आमच्या बेटावर उतरली. मी खडकावर जाळं सांधत होतो. कालच्या भरतीने टाकलेल्या काटक्यांची रेघ पाहून त्यांनी तिच्या दोन हात वर खुंट्या ठोकल्या. एवढी अक्कल होती म्हणायची. पण पुनवेचं पाणी कालची रेघ मानत नाही, ते थेट वरच्या उंडीच्या झाडाच्या मुळांना लागतं. ते सांगायला मी खाली उतरलो.

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय," एक पोरगी म्हणाली.

झालो बाजूला. ती सगळी टेकडी चढायला गेली आणि मी परत खडकावर बसलो. दुपारी पाणी आधी खुंट्यांशी खेळलं, मग तंबू उचलून निघालं.

समुद्र आधी सांगत नाही. आमच्या घरातही कुणी सांगत नसे. पहिल्यांदा होडी मी अशीच चुकीच्या जागी बांधली, तेव्हा ती फुटेपर्यंत बाप याच खडकावर विडी ओढत बसला होता. म्हणाला, "आता विसरायचा नाहीस." नाहीच विसरलो. भरती नाही, आणि बापाचं ते तोंडही नाही.

टेकडीवरून उतरताच ती पोरगी कमरेएवढ्या पाण्यात धावली आणि एक चप्पल घेऊन परतली.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तेव्हा कुठे तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी बापाकडे पाहिलं होतं, अगदी तसंच. ती तंबू विसरेल. मला विसरायची नाही.