अक्कांच्या घरची भुकटी

माझ्या मुलीला अक्कांनी काट्यावर दोनदा उभं केलं. एकदा वजनासाठी. दुसऱ्यांदा बायांना दाखवायला. मग मला म्हणाल्या, "आता तू चढ."

पट्टीश्वरम्‌ची आमची अंगणवाडी, तमिळनाडूतली. अक्का कुंभकोणमच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, त्या दिवशी पाहुण्या म्हणून आलेल्या. त्यांच्याच घरी मी चार वर्षं स्वयंपाक करते. दोघी मराठी घरच्या, म्हणून मला ठेवलेलं. काटा बघून त्या तमिळमध्ये मोठ्यांदा म्हणाल्या, "आई शिकली नाही की मूल असं फुगतं." बाया हसल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मराठीत, हळूच, "वाईट वाटून घेऊं नको गो."

अपमान तमिळमध्ये, माया मराठीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी आठवी शिकले. अक्कांच्या घरी उरलेलं खाऊन पातेलं रिकामं करायचं, मगच घासायचं, ही रीत. उभ्याउभ्या मी दोन माणसांचं जेवत होते. निघताना पिशवी मिळायची. शिळी मिठाई, क्रीमची बिस्किटं, दुधात घालायच्या गोड भुकटीचा डबा. "पापाला दे," म्हणजे माझ्या लेकीला. आणि मी मूर्ख, अंगणवाडीत फुकट मिळणारं सत्तुमाव, भाजलेल्या धान्याडाळींचं पीठ, शेजारच्या शेळीला घालायचे. शिकलेल्यांच्या घरात असतं ते चांगलं, एवढंच मला ठाऊक. भुकटीचा चमचा शीग लावून द्यायचे. ही चूक माझी. पण सगळी माझी नाही.

काट्यावरून उतरले. मुलीला कडेवर घेतलं. म्हटलं, "अक्का, ही खाते ते तुमच्या घरून येतं. तेही सांगा यांना. तमिळमध्ये सांगा."

त्यांचा चेहरा उतरला. "मी मायेनं दिलं गो." खोटं नव्हतं ते. म्हणून जास्तच झोंबलं. डब्यामागचं बारीक इंग्रजी त्यांना येत होतं. चार वर्षांत एकदाही वाचून दाखवलं नाही.

संध्याकाळी अंगणवाडीच्या टीचरकडून मी ते वाचून घेतलं. जवळजवळ निम्मी साखरच. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर भात उरला. तो मी डब्यात काढून ठेवला आणि पातेलं घासलं. निघताना अक्कांनी पिशवी पुढे केली. मी हात पुढे केला नाही. "आधी वाचून दाखवा," म्हटलं. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. ती तिथंच राहिली.

उद्या कामावरून काढतील कदाचित. काढोत. कुंभकोणमात स्वयंपाकघरं पुष्कळ आहेत. माझ्या आणि माझ्या मुलीच्या तोंडात काय जाईल, ते यापुढे मी ठरवणार. येईल तेवढं वाचीन, नाही तिथं विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत घास उचलणार नाही.