पाठमोरा शिपाई

लोणावळ्याच्या बाजारातल्या चौकात मोटारी फार धावायला लागल्या, तेव्हा लोकांच्या तगाद्यावरून तिथे एक पोलीस शिपाई नेमला. शाळेत शिकवायला जाताना मी त्याला रोज पाहायचो. रापलेला चेहरा, जाड मिशा आणि डावा हात पुढे करून मोटार अडवण्याची ऐटबाज तऱ्हा. कुरवंड्याकडून सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका रस्ता ओलांडू लागल्या, की मात्र तो त्यांच्याकडे सरळ पाठ करायचा. मला ते खटकायचं. ज्यांच्यासाठी नेमलाय, त्यांच्याकडे बघायला नको?

एकदा विचारलंच.

"गुरुजी, पयल्या दिवशी मी त्यास्नी हात करून बलावलं," तो म्हणाला. "खाकी बघून त्यास्नी वाटलं, लाकडं धरायला जंगलखात्याचा मानूस आला. मोळ्या टाकून पळाल्या, त्या थेट मोटारीम्होरं. एक म्हातारी थोडक्यात वाचली. तवापास्नं मी तोंडच दावत न्हाई."

पुढे वैशाखात, बाजाराच्या दिवशी, त्याने अशीच एका साहेबाची मोटार अडवली होती. उजवा हात पाठीमागे होता. बायका लगबगीने पलीकडे गेल्या. शेवटची म्हातारी त्याच्या मागे थबकली. ओच्यातून मूठभर करवंदं काढून तिने त्याच्या उघड्या तळहातावर ठेवली आणि चालू लागली.

मोटारवाला भोंगा वाजवत होता. शिपायाने मूठ अलगद मिटली. ती पार पलीकडे पोचेपर्यंत त्याने वळून पाहिलं नाही.