नवरा लपवायची जागा

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे. मेडशी गावातल्या आमच्या दारात जो जो विकणारा आला, तो तो काहीतरी विकूनच गेला. दोन माणसांच्या घरात चार कुकर आहेत. पाणी गाळायचं यंत्र घेतलं तेव्हा आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एकदा मंगरूळपीरला बैलांसाठी दोर आणायला गेले आणि गालिचा घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, "थो मानूस लय कळवळून सांगत होता वं. त्याले नाई कसं म्हनू?"

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढं मी जे केलं ते या एका गोष्टीपायी केलं. बाकीचा दोष माझ्या शहाणपणाचा.

मुलगी-जावई पुण्याला असतात. त्यांनी टाइमशेअर नावाचं प्रकरण घेतलं होतं. पैसे एकदा मोजायचे आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा त्या कंपनीच्या रिसॉर्टात राहायचं. त्या वर्षी दोघांनाही सुट्टी मिळेना, आठवडा वाया जायला आला, म्हणून त्यांनी आम्हाला पाठवलं. तेही कुठं, तर अंदमानातल्या एका बेटावर.

मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते. आता अडुसष्ट झाले, आणि त्या चोपन्न वर्षांच्या बाईची मला चीड येते की हसू, ते अजून ठरलेलं नाही. विमानात बसल्यावर तिला वाटायला लागलं, की आता जगात आपल्याला न कळणारं काही उरलं नाही. लेकीनं दिलेला पंजाबी ड्रेस घालून ती पोट आत ओढून चालायची. चष्म्यानं वय दिसतं म्हणून चष्मा खोलीत ठेवायची. जेवणाच्या हॉलमध्ये नवऱ्यानं वरणात पोळी कुस्करली, की टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची.

"कोनी विचारलं तं मेडशी म्हनू नोका," तिनं बजावलं होतं. "नागपूर म्हना."

"नागपूरचंच कोनी भेटलं तं?"

"तं अकोला म्हना."

तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून सांगितलं, की उद्या सकाळी दहाला प्रेझेंटेशन आहे, पती-पत्नी दोघांनी यायचं, फक्त दीड तास. मी लेकीला फोन लावला. ती एकदम ओरडली, "आई, बाबांना त्या खोलीत नेऊ नकोस! आम्ही दोघं शिकलेले, तरी अशाच खोलीतून टाइमशेअरवर सही करून बाहेर आलो. बाबा तर चहा यायच्या आत करतील. आणि खोलीतही ठेवू नकोस. ते लोक फळांची टोपली घेऊन दार वाजवतात."

आमची सोयाबीन नुकतीच विकली होती. घराचा मागचा पत्रा बदलायचा होता. त्या पैशांत पंचवीस वर्षांचा समुद्र येऊन बसला असता. पण अजिबात जायचं नाही, तर जावयाच्या नावावर राहून जावयाचीच शोभा. तेव्हा मी ठरवलं, आपण एकटीनं जायचं, यांचं पोट दुखतंय म्हणून सांगायचं, आणि यांना लपवून ठेवायचं.

जागाही मी सकाळीच हेरली होती. आधीचे दिवस बेट बघत फिरण्यात गेले होते, पुढ्यातल्या समुद्राकडं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो त्या वेळी पार मागं सरकलेला. नुसती ओली वाळू, मधे एक खोलगट भाग आणि त्याच्या पलीकडं, दोन-तीनशे पावलांवर, एक मोठा काळा गोटा. कोणी कुत्रंसुद्धा तिकडं फिरकत नव्हतं. मी यांना तिथं नेलं, गोट्यावर टॉवेल अंथरला, खारे दाणे दिले. यांचा मोबाइल काढून माझ्या पर्समध्ये टाकला, कंपनीवाल्यांनी फोन केला तर हे "हो, आलोच" म्हणतील म्हणून.

"अवो, इथंच बसा. कोनी 'अंकल अंकल' करत आलं, तरी उठू नोका. थे गोड बोलतीन, हात धरतीन. मी सोता हाक मारीन, तवाच उठजा."

यांनी सभोवार पाहिलं. "पन पानी वापस आलं तं?"

मी हसले. अजून आठवतं, किती तोऱ्यात हसले. "आटलेलं पानी कधी वापस आलं काय? आपल्या नाल्याचं येते? एकदा गेलं का गेलं, मिरगापर्यंत."

"हे बी खरं हाय," म्हणाले आणि पालखट मांडी घालून बसले.

प्रेझेंटेशनची खोली वरच्या मजल्यावर होती. थंडगार. पडदे ओढलेले. समोर टीव्हीवर निळा समुद्र, हसणारी पोरं, वाळूत पळणारी जोडपी. टाय लावलेला एक तरुण माणूस माझ्यापुढं बसला. मी ठरवूनच गेले होते, की सगळ्याला मान हलवायची आणि शेवटी म्हणायचं, मला काही कळत नाही, हे घरी विचारतील.

"मॅडम, आप कहाँ से?"

"अकोला."

त्याचा चेहरा एकदम फुलला. "अरे, काकू! मी अकोल्याचा होय ना! अकोल्यात कुठं?"

मी अकोल्याला आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा दवाखान्यात. म्हटलं, "बस स्टँडच्या मागं." तो समजून हसला आणि आणखीच जवळ सरकला. आता 'कळत नाही' म्हणायची वाट बंद. त्यानं वऱ्हाडीत सगळं समजावलं. काकांच्या पोटाची चौकशी केली, ओव्याचं पाणी पाठवू का विचारलं. मी त्याच्याकडं न बघता बिस्किटं खात होते. दीड तासाचे दोन तास झाले. मी मनात म्हणत होते, झालंच आता, सुटलो.

मग तो उठला. "काकू, आता खरं तुमाले दाखवतो. हा नजारा दरवर्षी तुमचा." आणि त्यानं पडदा ओढला.

खाली वाळू नव्हती.

पायऱ्यांपासून पार लांबपर्यंत पाणी, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं चमकणारं. मी वाळू शोधत होते, खोलगट भाग शोधत होते. चष्मा नव्हता. लांब कुठंतरी एक काळा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर एक पांढरा ठिपका.

इथं मला थांबून खरं लिहायला हवं. मी तेव्हाच ओरडले नाही. त्या बाईच्या मनात काय आलं, तर आता खरं सांगितलं, तर पोटदुखी खोटी ठरेल, अकोला खोटं ठरेल, आणि हा टायवाला आपल्याला गावंढळ समजेल. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की पांढरा ठिपका म्हणजे बगळा असेल, हे उठून केव्हाच निघून गेले असतील, पाणी बघून माणूस थोडाच बसून राहील. पण हे बसून राहतील, हे तीस वर्षं संसार केलेल्या बाईला माहीत होतं. यांनी आजवर माझं एकही सांगणं मोडलं नव्हतं. गाठीला बांधल्यासारखं ऐकायचे. पाच मिनिटं ती खिडकीशी उभी राहून "छान हाय, छान हाय" म्हणत राहिली. पाच मिनिटं.

"काकांना फोन करून विचारतो, डॉक्टर पाठवू का," तो म्हणाला आणि त्यानं रजिस्टरमधला नंबर लावला.

माझ्या पर्समध्ये कोंबडा आरवला. नातवानं यांच्या मोबाइलला ती रिंग लावून दिली होती. थंड खोलीत, पाच-सहा जोडप्यांच्या मधोमध कोंबडा बांग देत राहिला. सगळ्यांच्या माना वळल्या.

"काकू, फोन तुमच्याकडं? मग काका एकटेच आहेत? मी माणूस पाठवतो खोलीवर."

तेव्हा मी सांगितलं, "खोलीत नाई रे बाप्पा. थे तिकडं हायेत. त्या गोट्यावर. मीच बसवलं."

"कोणत्या गोट्यावर?"

मी बोट दाखवलं. त्यानं समुद्राकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. इतका वेळ चिकटवलेलं हसू त्याच्या तोंडावरून गेलं आणि तो एकदम कोणाचा तरी साधा पोरगा दिसायला लागला.

"काकू, भरती आहे."

"आटलं होतं नं सकाळी!"

"समुद्र आटत नाही, काकू! दर दिवशी वापस येते! तो खडक पूर्ण बुडतो!"

आम्ही जिन्यावरून धावलो. माझ्या नव्या सँडलचा पट्टा तुटला, ती तिथंच राहिली. खाली किनारा झाडणारा म्हातारा माळी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. आम्हाला पाहून तो चिडून ओरडला, "कौन है वो आदमी? आधे घंटे से बुला रहा हूँ, अंकल आओ, अंकल आओ! हाथ जोड़ता है और पीठ फेर लेता है!"

जन्मात पहिल्यांदा माझ्या नवऱ्यानं कोणाला तरी नाही म्हटलं होतं. आणि ते वाचवायला आलेल्या माणसाला.

माळ्यानं शेडमधून रबरी ट्यूब आणि दोर आणला. टायवाला बुटांसकट पाण्यात उतरला. दोघं पुढं सरकायला लागले आणि हाका मारायला लागले, "अंकल! अंकल!" तिकडं पांढरा ठिपका उभा राहिला. पाणी गोट्याच्या माथ्यावर आलं होतं, म्हणजे हे आता पाण्यातच उभे होते. त्यांनी हात जोडले. आणि वळून समुद्राकडं तोंड केलं.

"अवो!" मी किंचाळले. "अवो, ऐका नं! मी हाय!"

वारा समुद्राकडून होता. माझा आवाज माझ्याच तोंडावर परत आला. यांना तसंही एका कानानं कमी ऐकू येतं. टायवाला खोलगट भागाशी अडकला, पाणी त्याच्या गळ्याशी आलं. मी पुन्हा ओरडले, पुन्हा. काठावरच्या खुर्च्यांतून लोक उठून बघायला लागले. कोणी म्हणालं, नाव घेऊन हाक मारा. पण आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तीस वर्षांत मी यांना नावानं कधीच हाक मारली नव्हती. त्या हाकेला हे ओळखणार कसे?

यांना ओळखू येईल अशी माझी एकच हाक होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी शेतात भाकर घेऊन जायची. हे लांब दुसऱ्या टोकाला बैलांच्या मागं डवरत, पिकातलं तण काढत असायचे. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहायची, तोंडाशी दोन्ही हात धरायची आणि छातीतून आवाज काढायची. तो आवाज वाऱ्याच्या उलटाही जातो. जायलाच लागतो, नाहीतर भाकर गार होते.

मी ओढणी फेकली. पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले आणि हाक दिली.

"भाकर आलीऽऽ होऽऽऽ!"

चार दिवस पोट आत ओढून चालणारी बाई, त्या सगळ्या चष्मेवाल्या, टोपीवाल्या लोकांसमोर. "भाकर आलीऽऽ होऽऽऽ!"

हे वळले. कपाळावर हात धरून बघितलं, जसं डवरा थांबवून बघायचे तसं. आणि भाकर म्हटल्यावर हा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. सरळ माझ्याकडं चालायला लागले. एक पाऊल गोट्यावरून खाली टाकलं आणि दिसेनासे झाले.

पाण्यावर फक्त टॉवेल. मी हाक मारली म्हणून. माळी खाली गेला. टायवाला दोर धरून उभा, तोंडात पाणी, डोळे माझ्याकडं. मला फक्त आठवतं, की मी दोन्ही हात तोंडाशी तसेच धरून ठेवले होते.

मग माळी वर आला आणि त्याच्या काखेत यांचं डोकं होतं. खोकत होतं. यांनी ट्यूब अशी आवळली, जशी पोळ्याला बैलाची मान आवळतात. दोर ओढत, बुडत, पाणी थुंकत तिघं काठाशी आले. हे वाळूवर गुडघ्यांवर बसले, बराच वेळ ओकले, मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "कुठं हाय भाकर?"

मी तिथंच फतकल मारून बसले आणि रडले. टायवाला हसायला लागला, मग तोही डोळे पुसायला लागला.

रिसेप्शनवर आम्हाला मोठमोठ्या टॉवेलांत गुंडाळून चहा दिला. हे बशीत ओतून फुर्र करून पीत होते. या वेळी मी त्यांच्या पायावर पाय दिला नाही. माळ्याचे यांनी दोन्ही हात हातात घेतले होते ते सोडतच नव्हते. मग ते टायवाल्याकडं वळले. मला तो आवाज ओळखीचा होता. गालिच्याच्या वेळचा, चारही कुकरच्या वेळचा.

"बाप्पा, तुमी माह्यासाठी बुटासकट पान्यात उतरले. तुमचं बी काई काम होतं म्हने माह्याकडं? कागद होता नं कोनता? आना इकडं, करतो सही."

मला घराचा मागचा पत्रा आठवला. पण आता यांना अडवायला मला तोंडच नव्हतं. मी खोटं बोलून या माणसाला बुडवलं होतं, आणि तो त्याला काढायला आला होता. मी टायवाल्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. गळ्यातला टाय पिळला, पाणी गळलं. ओल्या खिशातून पेन काढून त्यानं तळहातावर एकदा ओढून दाखवलं.

"पेन भिजला, काका. चालत नाही."

यांच्या मागं काउंटरवर पेनांनी भरलेला एक पेला होता. हे वळून बघायच्या आत मी उठले, टॉवेल सारखा केला, आणि त्या पेल्यापुढं जाऊन उभी राहिले.