स्नानाआधीची शिकवणी

त्या आठवड्यात शरदिनीच्या पायांना स्वस्थता नव्हती. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर पहाटे तिच्या येरझारा चालत. हातात वही आणि तोंडात एकच इंग्रजी शब्द. डे, डे, डे.

साल एकोणीसशे अडुसष्ट. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची हंगामी नोकरी तिला मिळाली होती, आणि गुरुवारी इन्स्पेक्टर बाई तिचा तास पाहायला येणार होत्या. तास पसंत पडला तर नोकरी कायम. नाही तर नागपूरला भावाच्या दारात जायचं आणि इथे म्हाताऱ्या सासऱ्यांना एकटं ठेवायचं. मागच्या खेपेला बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "आपकी अंग्रेज़ी कापी में ठीक है, मुँह में नहीं." ते वाक्य तिला धड जेवू देत नव्हतं.

सासरे यज्ञेश्वरशास्त्री. रामघाटाच्या पाठशाळेत पन्नास वर्षं त्यांनी यजुर्वेद शिकवला होता. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता, आणि स्नानानंतर तर ती भाषा कानावरही नको असे. पण स्नानाआधी अंग पारोसंच असतं, तेव्हा काहीही चालायचं.

सोमवारी पाण्यात एक पाय टाकून ते थांबले.

"सूनबाई, वहीत काय लिहिलंय?"

"एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं, मामंजी. एकाच श्वासात."

"मग जा ना. तू दारातच उभी राहतेस."

त्यांनी पाय बाहेर काढला. "हे तर आमचं संध्यक्षर, दोन स्वरांचा सांधा. यजुर्वेदात पोरांना स्वर हातानं शिकवतात. आवाज चढला की हात चढतो, उतरला की उतरतो. तुझ्या या स्वराला हात असा सरकव." त्यांचा हाडकुळा हात छातीपासून निघून हळूच पुढे घसरला. "म्हण."

"डेइ."

"आता घरात शिरलीस."

तिनं आपली अडचण सांगितली. डे, रेन, एट, ग्रेट. चौघांत आवाज हाच, पण प्रत्येकाची अक्षरं निराळी. मुली रडकुंडीला येतात.

"म्हणजे नट एक आणि पोशाख चार," शास्त्री म्हणाले. "पोशाखाला हात लागत नाही. आवाजाला लागतो. आधी तो बसू दे."

बाजूनं जाणारा नावाडी ओरडला, "पंडितजी, बहू को मछली पकड़ना सिखा रहे हैं?"

"फिसल जाती है, भई," शास्त्री म्हणाले आणि पुन्हा हात उचलला. त्या दिवशी त्यांच्या स्नानाला चांगलंच ऊन झालं.

तीन दिवसांत वर्गातल्या चाळीस मुलींचे हात सरकू लागले.

गुरुवारी इन्स्पेक्टर बाई मागच्या बाकावर बसल्या. शरदिनीनं फळ्यावर शब्द लिहिला आणि तिचा हात आपोआप उठला.

"यह नाच किसलिए? हाथ नीचे कीजिए."

तिनं हात पदराखाली घेतला. "रेन," ती म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं, पुन्हा दारात. पायाची बोटं चपलेत वळवळू लागली. नागपूरच्या गाडीचं तिकीटच जणू कुणी तिच्या हातात दिलं होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या इंदूनं हात सरकवून तो शब्द स्वच्छ म्हटला. "बहनजी, ऐसे ना?"

शरदिनीनं पदरातून हात काढला. "हाँ, ऐसे. मुझे भी हाथ चाहिए," ती म्हणाली. तिनं हात सरकवून शब्द पुन्हा म्हटला.

इन्स्पेक्टर बाई उठल्या. "मैं बोलती हूँ. देखें, ये लड़कियाँ क्या करती हैं." त्या म्हणाल्या, "ड्रीम." त्यात स्वर एकच; मुलींचे हात जागच्या जागी. म्हणाल्या, "केक." हात जागच्या जागीच.

"क्यों? इसमें नहीं होता?"

"होता है," इंदू म्हणाली, "पर आपने किया नहीं."

शरदिनीला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तोच शब्द त्यांनी सावकाश म्हटला, एका स्वरावरून दुसऱ्यावर जात. चाळीस हात घसरले.

बाई वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. उठताना शरदिनीला एवढंच म्हणाल्या, "किसने सिखाया?"

"ससुरजी ने. उनको अंग्रेज़ी नहीं आती."

दुपारी एकच्या उन्हात ती घाटावर उतरली. शास्त्री पायरीवर बसले होते. खांद्यावरचं धोतर कोरडं, कपाळ मोकळं. पन्नास वर्षांत सूर्य डोक्यावर आला आणि त्यांचं स्नान राहिलं, असं कुणी पाहिलं नव्हतं.

"मामंजी, अजून पारोसेच? सकाळपासून काही पोटात नाही?"

"स्नान केलं असतं तर तुझं ऐकलं कसं असतं?" ते चिडून म्हणाले. बोटं गुडघ्यावर ताल धरल्यासारखी हलत होती. "बोल लवकर. काय झालं?"

"कायम केलं त्यांनी, शेऱ्यात लिहून दिलं. इथेच राहायचंय मला."

शास्त्री पाण्याकडे वळले. पहिल्या पायरीवर थांबून मागे न बघता म्हणाले, "आधी तो 'डे' शब्द म्हण एकदा. मग बुडी मारतो."

तिनं म्हटला. वहीची पिशवी दोन्ही हातांत होती, तरी तो नीट आला.