हळदकुंकवाचा पेनड्राइव्ह

उस्मानपुऱ्यात काँप्युटर दुरुस्त करणाऱ्या सुदर्शनला विंडोजवाले म्हणजे निव्वळ मेंढरं वाटत. दसऱ्याला त्यानं दुकानातल्या काँप्युटरवर पेनड्राइव्हनं विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, मग पेनड्राइव्हला हळदकुंकू वाहून तो देव्हाऱ्यात ठेवला. काँप्युटर चालू केला, तर डिस्कच सापडेना! "भंगार डिस्क गळ्यात मारली," म्हणत त्यानं विकणाऱ्याचा उद्धार केला.

भंगार डिस्क नव्हती, डोकं होतं. लिनक्स टाकताना पेनड्राइव्हचा नंबर पहिला होता, डिस्कचा दुसरा, आणि काँप्युटर चालू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात ह्या शहाण्यानं डिस्कचा नंबर दुसराच लिहिला. पेनड्राइव्ह निघताच डिस्क पहिली झाली, आणि काँप्युटर दुसरी शोधत बसला.

पुन्हा लिनक्स टाकायला त्यानं पेनड्राइव्ह खोचला, तर काँप्युटर आपसूक चालू! फाइलीतली एक ओळ बदलायची सोडून त्यानं हात जोडले. आता गिऱ्हाइकांना बजावतो, "पूजेचा हाय, काढायचा नाय."

विंडोजवाली मेंढरं माना डोलावतात. सगळ्यात पुढचं मेंढरू मात्र लिनक्सवालं.