आजारी माशांचं गिऱ्हाईक

भाऊजी गेले त्या दिवशी ताईनं आधी माशांना खायला घातलं आणि मग मला फोन केला.

दुकानात जाऊन सगळ्यात आजारी मासा मागणारं गिऱ्हाईक अख्ख्या सुरतेत भाऊजींखेरीज दुसरं नसेल. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी कतारगामला रंगीत माशांच्या दुकानात जात. लोक चपळ मासे निवडत. भाऊजी पोट फुगलेले, एका कुशीवर कललेले गोल्डफिश शोधत. पूर्वी असे मासे फेकून देणारा दुकानदार ते यांच्यासाठी राखून ठेवू लागला. लांबूनच हाक मारायचा, "आवो साहेब, आजे एकदम बीमार माल आव्यो छे." भाऊजींचा चेहरा मुलीला स्थळ सांगून आल्यासारखा उजळे.

त्या माशांच्या मूत्रपिंडात एक परजीवी शिरतो. मग माशाची काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात. कोणती, ते भाऊजींची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या प्रयोगशाळेत तपासत असे. तिच्याकडे जाईपर्यंत मेलेल्या माशांची मूत्रपिंडं द्रावाच्या कुप्यांत बुडून ताईच्या फ्रीजरमध्ये वालपापडीच्या दाण्यांशेजारी राहत. ताईच्या घरात कधी अंडंही शिजलेलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की कुप्या दाण्यांच्या वरच्या कप्प्यात नकोत.

"मासा पुष्कळदा परजीवीनं मरत नाही," भाऊजी म्हणत. "लढायला उठलेली जनुकं वेळेवर बसत नाहीत, त्यानं मरतो." हा नियम ते नातेवाइकांनाही लावत. गोडादऱ्याला एका लग्नात दोन व्याही मानपानावरून तंडू लागले. सगळे समजूत घालत असताना भाऊजी मला म्हणाले, "सुरुवात दोघांची उत्तम आहे. आता आधी कोण बसतो बघ. त्याचीच नातवंडं टिकतील." हे वरबापाच्या कानावर गेलं आणि तो मुकाट्यानं खुर्चीत बसला.

आजारातून वाचलेल्या माशांना पुढं पिल्लं झाली. आईबापांचं हे लढून वेळेवर थांबणं पिल्लांत उतरलंय का, हा भाऊजींचा शेवटचा प्रश्न होता. त्यासाठी पिल्लं आजाऱ्यांच्या टाकीतल्या, परजीवी असलेल्या गाळात सोडायला हवी होती. ताईनं तोवर त्यांना नावं दिली होती. भाऊजी म्हणत, पुढच्या आठवड्यात बघू. असे पुष्कळ आठवडे गेले.

मग त्यांना ताप आला. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जंतू आटोक्यात आहेत, पण शरीराचा दाह थांबत नाही. भाऊजींनी त्यांना जवळ बोलावून शाबासकी दिली. मला म्हणाले, "बघ, माशासारखंच."

तेराव्यानंतर ती विद्यार्थिनी आली. सरांचा प्रयोग पुरा करीन, पिल्लं द्या, असं तिनं विनवलं. ताईनं तिला चहा दिला, फ्रीजरमधल्या कुप्या दिल्या.

"पिल्लं नको नेऊस, बाई. हे इतके दिवस थांबले होते. आता मी कशी घाई करू?"

तिनं कुप्या पिशवीत ठेवल्या. चहा संपवून गेली.

गॅलरीत दोन टाक्या आहेत, एक आजाऱ्यांची, एक पिल्लांची. दोन्हींची जाळी वेगळी, पाणी काढायचे तांबे वेगळे. एकीचं पाणी ताई दुसरीत जाऊ देत नाही.